चीज सोडू नका, तेलाच्या खात्यात टाका: लो फॅट डाएटमध्ये चीज कसं बसवायचं

दीड वर्षापूर्वी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टर म्हणाले वजन आठ-दहा किलो उतरवा, तेलकट तुपकट कमी करा, आणि मग डाएटचा जो छापील कागद हातात आला त्यात "पूर्ण बंद" असं लिहिलेल्या रकान्यात पहिलंच नाव चीज. मला चीज मनापासून आवडतं, लहानपणी वाढदिवसालाच मिळायचं म्हणून असेल कदाचित. तरी तीन आठवडे हातही लावला नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून दमून आले, फ्रिज उघडला, मुलीच्या डब्यासाठी ठेवलेले चार क्यूब उभ्या उभ्या खाल्ले आणि रात्रभर वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी शांतपणे वही घेऊन बसले, पॅकेटच्या मागचे आकडे वाचले, घरातल्या तेलाचा हिशोब केला, आणि तेव्हा जे लक्षात आलं त्यावर पुढचे अकरा महिने चालले. ९ किलो उतरलं, आणि त्या अकरा महिन्यांत चीज नाही असा एकही आठवडा गेला नाही. ते कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखे बरेच जण "बंद" वाचून हिरमुसतात आणि मग सगळंच डाएट सोडून देतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. आपल्या घरात चीज हे "वरून घातलेलं" असतं, म्हणजे भाजी केली, तिला फोडणीचं तेल घातलंच, मग वर चीज किसलं. सँडविचला बटर लावलंच, मग आत चीज. नुकसान तिथे होतं. चीज म्हणजे घट्ट केलेलं तेल-तूपच आहे असं धरा आणि ते तेलाच्या खात्यात लिहा, भाजीच्या किंवा नाश्त्याच्या खात्यात नाही. ज्या दिवशी चीज आलं त्या दिवशी तेवढं तेल, तूप, कूट किंवा खोबरं गेलं. अदलाबदल, तीही त्याच दिवशी, "उद्या कमी खाईन" असं नाही. एवढं पाळलं तर बाकी सगळं सोपं आहे.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे जमत नाही. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब मात्र ग्रॅमला ४, म्हणून लो फॅटवाले फॅटच्या मागे लागतात. समजा तुमचं डाएट १४०० कॅलरीचं आहे (माझं तेवढंच होतं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा) आणि त्यातल्या २५ ते ३० टक्के कॅलरी फॅटमधून घ्यायच्या आहेत, तर दिवसाला साधारण ४० ते ४५ ग्रॅम फॅट होतं. त्यातलं १५ ग्रॅम तर न दिसता पोटात जातंच, दूध, दही, पोळी, डाळ, चहा यातून. उरलं २५ ते ३० ग्रॅम, आणि त्यात फोडणी, पोळीवरचं तूप, कूट, खोबरं आणि चीज सगळ्यांनी मिळून राहायचं.

आता क्यूब बघू. अमूलच्या २०० ग्रॅमच्या डब्यात ८ क्यूब असतात, म्हणजे एक क्यूब २५ ग्रॅमचा, त्यात साधारण साडेसहा ग्रॅम फॅट, ५ ग्रॅम प्रोटीन आणि ७५-८० कॅलरी. चहाचा सपाट एक चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम फॅट. म्हणजे एक क्यूब म्हणजे जवळजवळ दीड चमचा तेल, बास. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ४० ते ५० ग्रॅम फॅट असतं, म्हणजे काकडीच्या कोशिंबिरीत किंवा वांग्याच्या भाजीत आपण जे सढळ हाताने दोन मोठे चमचे कूट टाकतो ते एका क्यूबपेक्षा जास्तच भरतं, आणि सुक्या खोबऱ्यात तर १०० ला ६० च्या वर फॅट. मला हे वाचून धक्का बसला होता, कारण कूट "घरचं" म्हणून कधी मोजलंच नव्हतं आणि चीज मात्र गुन्हेगार ठरलं होतं. कूट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यातलं फॅट चीजपेक्षा चांगल्या जातीचं आहे, कारण दुधाच्या फॅटमधलं दोन तृतीयांश सॅच्युरेटेड, म्हणजे जास्त झालं तर हृदयाला न मानवणारं असतं. मी फक्त म्हणतेय की दोन्ही एकाच दिवशी भरपूर नको.

दुसरं काम म्हणजे घराच्या तेलाचा हिशोब. हे चीजपेक्षाही आधी करा. आमच्याकडे चार माणसं आणि महिन्याला ४ लिटर तेल लागायचं. गणित करा, माणशी रोज जवळपास ३० ग्रॅम तेल, म्हणजे माझं सगळं बजेट नुसत्या कढईतच संपत होतं, चीजचा तुकडाही न खाता. मी तेलाच्या बरणीतला तो खोल पळा काढून टाकला आणि चहाचा चमचा ठेवला, भाजी चार माणसांची असेल तर चार चमचे, त्यावर एक थेंब नाही, कांदा चिकटायला लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका. सासूबाईंना आधी पटलं नाही, त्या म्हणाल्या तर्रीशिवाय आमटी कशी दिसेल, पण फोडणी कमी तेलात नीट तडतडली की वास तोच येतो हे त्यांनीच नंतर मान्य केलं. तीन महिन्यांत आम्ही अडीच लिटरवर आलो, म्हणजे माणशी १९ ग्रॅम. रोजचे ११ ग्रॅम वाचले. त्यातलं थोडं मी चीजला दिलं आणि बाकीचं वजनातून गेलं.

आता चीज कुठलं घ्यायचं. मी मनात दोन वाटे केलेत, चवीचं चीज आणि पोटाचं चीज. चवीचं म्हणजे ज्याचा वास आणि खारटपणा जोरदार, १० ते २५ ग्रॅम घातलं तरी जाणवतं, त्यात लो फॅट शोधायचं नाही. पोटाचं म्हणजे जे वाटीभर खायचं, पोट भरायला आणि प्रोटीनसाठी, ते कमी फॅटचंच हवं. लोकांची चूक अशी होते की चवीचं चीज पोटभर खातात, नाहीतर पोटाच्या चीजमध्ये चव शोधत बसतात आणि मग कंटाळून सोडतात.

चवीच्या वाट्यात आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज येतं, चेडार येतं, गौडा येतं. चेडार क्यूबपेक्षा जड असतं, १०० ग्रॅमला ३३ ग्रॅमच्या आसपास फॅट, पण चांगलं मुरलेलं चेडार असेल तर १५ ग्रॅममध्ये काम होतं. फेटा जरा हलकं, १०० ला २१-२२ ग्रॅम, आणि ते चुरून काकडी-टोमॅटोवर टाकलं की वरून मीठही लागत नाही. माझं सगळ्यात आवडतं मात्र पार्मेजान. १० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम फॅट आणि साडेतीन ग्रॅम प्रोटीन, आणि बारीक किसणीवर किसलं तर १० ग्रॅमचा एवढा ढीग होतो की सूपची वाटी पूर्ण झाकली जाते. इटलीत ते करतात तेच मुळी अर्ध्या साय काढलेल्या दुधाचं, संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात आणि मग त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात, आणि कमीत कमी १२ महिने मुरवतात. शाकाहारी लोकांनी मात्र लक्षात ठेवा, अस्सल इटालियन पार्मेजानला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात, तेव्हा भारतात बनलेलं, हिरवा ठिपका असलेलं घ्या, तेही चांगलं मिळतं आता.

मोजायचं कसं? स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या, चार-पाचशे रुपयांत येतो, आणि पहिले दोन महिने तरी त्याच्याशिवाय चीज कापू नका. मी अंदाजाने "एक छोटा तुकडा" म्हणून कापला होता तो काट्यावर ठेवला तर ४१ ग्रॅम भरला. स्लाइसचं बरं असतं, एक स्लाइस साधारण २० ग्रॅम, ठरलेलं. क्यूब किसायचा असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाला की किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने, जिच्यावर आपण आलं-जायफळ किसतो तिच्यावर, किसा. मोठ्या भोकांनी किसलेला अर्धा क्यूब थालीपिठाच्या एका कोपऱ्यात संपतो, बारीक किसलेला तोच अर्धा क्यूब सगळ्या थालीपिठावर बर्फासारखा पसरतो. एकदा दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवा, मग मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि चीज घालायचं कुठे, हेही तितकंच महत्त्वाचं. पिठात, सारणात, भाजीच्या आत मिसळलेलं चीज जिभेला कळतच नाही, मग आपण अजून घालतो. वर घाला, शेवटी घाला, गॅस बंद केल्यावर घाला. माझी थालीपिठाची पद्धत सांगते. भाजणीत किसलेला दुधी, कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ नेहमीच्या निम्मं. नॉनस्टिक तव्यावर अर्धा चमचा तेल, मधलं भोक पाडायचंच, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस. गॅस बंद केला की तव्यावरच वरून १२ ग्रॅम किसलेलं चीज, मिरपूड, आणि परत झाकण ४०-५० सेकंद. चीज वितळून भाजणीच्या खाचांमध्ये बसतं, कडेला जे तव्याला लागतं ते कुरकुरीत होतं. नेहमी थालीपिठावर जो लोण्याचा गोळा ठेवतो तो त्या दिवशी नाही. सगळं मिळून थालीपिठाला वरून घातलेलं फॅट साडेपाच ग्रॅमच्या आत राहतं, आणि जिभेची अजिबात तक्रार नसते.

असंच मुगाच्या धिरड्यावर, भाजलेल्या मक्याच्या कणसावर (लिंबू-तिखट लावून वर नुसतं ५ ग्रॅम, करून बघाच), टोमॅटोच्या साराऐवजी केलेल्या टोमॅटो सूपवर, ढोबळी मिरची-मशरूमच्या कमी तेलातल्या परतलेल्या भाजीवर. चीजबरोबर काहीतरी तिखट, आंबट किंवा झणझणीत हवं, म्हणजे थोडं चीज जास्त वाटतं. ठेचा आणि चीज ही जोडी तर फारच सुंदर. ज्वारीची गरम भाकरी, त्यावर बोटाने पसरलेला लसणीचा ठेचा, तोही कमी तेलातला, आणि वर अर्धा क्यूब किसून. पिठल्याच्या दिवशी मात्र मी चीज घालत नाही, पिठल्याला ते शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पोटाचं चीज, म्हणजे आपलं पनीर आणि चक्का. पनीरबद्दल मोठा गैरसमज आहे. "डाएटवर आहे म्हणून रोज २०० ग्रॅम पनीर खाते" असं सांगणाऱ्या मैत्रिणी मला भेटतात, आणि वजन का उतरत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या असतात. आपल्याकडच्या नियमानुसार साधं पनीर म्हणजे त्यातलं पाणी सोडून उरलेल्या भागात निदान निम्मं दुधाचं फॅट असायलाच हवं. १०० ग्रॅम पनीरमध्ये ५५ ग्रॅम पाणी धरा, उरलं ४५, त्याचं निम्मं म्हणजे २२-२३ ग्रॅम फॅट. पाच चमचे तेल झालं हे! २०० ग्रॅम खाल्लं की माझ्या दिवसाचं सगळं फॅट तिथेच संपलं. लो फॅट पनीरला मात्र नियम असा आहे की पाणी सोडून उरलेल्या भागात फॅट १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे १०० ग्रॅमला पाच-सहा ग्रॅमच. फरक केवढा आहे बघा. पॅकेटवर "लो फॅट" लिहिलेलं पनीर मोठ्या दुकानांत मिळतं, पण सुट्ट्या पनीरवर, डेअरीवाला कितीही "लो फॅटच आहे ताई" म्हणाला तरी, मी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी घरी करते.

घरी करायला दूध कुठलं ते पिशवीवर बघा. फुल क्रीम ६ टक्के फॅट, टोन्ड ३ टक्के, डबल टोन्ड दीड टक्का, स्किम्ड अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. मी १ लिटर डबल टोन्ड घेते. त्यात फॅटच मुळात १५ ग्रॅम, त्यामुळे निघणाऱ्या साधारण १३० ग्रॅम पनीरमध्ये त्याहून जास्त येऊच शकत नाही, म्हणजे १०० ग्रॅमला दहा-अकरा, बाजारच्या निम्मं, आणि प्रोटीन वीसच्या वर. म्हशीचं सुट्टं दूध येत असेल तर तापवून पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, जाड साय काढा, परत तापवून परत गार करून परत साय काढा. साय विरजणाच्या भांड्यात गेली, तुपाची सोय झाली, आणि उरलेलं दूध बऱ्यापैकी हलकं झालं.

कमी फॅटच्या दुधाचं पनीर रबरासारखं होतं ही तक्रार सगळ्यांची असते, माझंही पहिल्या दोन वेळा तसंच झालं, दात लागत नव्हता. कारण असं की फॅट नसल्यामुळे प्रोटीन एकमेकांना घट्ट धरून बसतं, आणि उकळत्या दुधात लिंबू पिळलं की ते अजूनच आवळतं. तेव्हा दूध उकळलं की गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा, वाफ जरा कमी होऊ द्या. एका लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळा आणि चमच्या-चमच्याने घाला, हलक्या हाताने ढवळत, एकदम नाही. पाणी हिरवट स्वच्छ दिसलं की थांबायचं, उरलेलं लिंबू ओतायचं नाही. मग लगेच मलमलच्या कापडावर ओता, गार पाण्याने एकदा धुवा म्हणजे आंबटपणा जातो, आणि वर पाटा-वरवंटा ठेवायचा नाही, पाण्याने भरलेला तांब्या २० मिनिटं पुरे. निघालेलं पाणी फेकू नका, कणीक त्यात भिजवा, पोळ्या मऊ होतात. भाजीत घालताना आधी तळायचं नाही, कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून शेवटी टाकायचं. भुर्जी तर अशा पनीरची फार छान होते कारण तिथे तुकडे अखंड राहायची गरजच नसते, एक चमचा तेल, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद, आणि ८० ते १०० ग्रॅम पनीर एका माणसाला.

चक्क्याचा उपयोग लोक श्रीखंडापुरताच करतात याचं मला नवल वाटतं. १ लिटर डबल टोन्ड दुधाचं दही लावा, रात्रभर कापडात फ्रिजमध्येच टांगा (बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात फार आंबतं), सकाळी साधारण तिसरा हिस्सा चक्का मिळतो, १०० ग्रॅमला फॅट चार-साडेचार ग्रॅम. त्यातला २०० ग्रॅम चक्का घ्या, त्यात २० ग्रॅम प्रोसेस्ड चीज बारीक किसून, लसणीची एक पाकळी ठेचून, मिरपूड, थोडी मोहरीची पूड, हवी तर बारीक चिरलेली कोथिंबीर, आणि चमच्याने घोटा. झाला चीज स्प्रेड. मोठ्या चमचाभर, म्हणजे २० ग्रॅममध्ये फॅट जेमतेम सव्वा ग्रॅम. विकतचं क्रीम चीज १०० ग्रॅमला ३४ ग्रॅम फॅट आणि प्रोटीन फक्त ६, म्हणजे ते चीजच्या नावाखाली मलईच आहे. हा स्प्रेड आमच्याकडे आता मुलीच्या डब्यातल्या पोळीच्या रोलला, ब्रेडला, गाजर-काकडी बुडवायला सगळीकडे चालतो. चार दिवस टिकतो. मीठ घालू नका, चीजमध्ये असतं तेवढं पुरतं.

दुकानातल्या "लाइट" चीजबद्दल विचाराल तर माझं मत असं की घ्या, पण पाकिटाच्या मागचा तक्ता वाचून, पुढची अक्षरं वाचून नाही. घट्ट पदार्थावर "लो फॅट" लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नको असा आपल्याकडे नियम आहे (पनीरचा वेगळा, तो वर सांगितला). चीजच्या बाबतीत बहुतेक वेळा "कमी फॅट" म्हणजे नेहमीपेक्षा कमी, एवढंच असतं, म्हणून त्याचे दोन-तीन स्लाइस खाल्ले की हिशोब परत तिथेच. बघताना "पर सर्व्ह" नाही तर "१०० ग्रॅममध्ये" हा रकाना बघा, म्हणजे दोन पाकिटांची तुलना होते. आणि घटकांच्या यादीत व्हेजिटेबल ऑइल, व्हेजिटेबल फॅट दिसलं किंवा कुठे अ‍ॅनालॉग असं लिहिलेलं दिसलं तर ते खरं चीज नाही, त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, बहुतेक वेळा पाम. ते मी ठेवून देते. कमी फॅटचं चीज नीट वितळतही नाही, ताणून धरतं, म्हणून ते किसून, ओलसर पदार्थावर, झाकण ठेवूनच वापरायचं, कोरड्या टोस्टवर टाकलं तर कातडं होतं.

बाहेर खाताना सगळ्यात मोठी सापळ्याची जागा म्हणजे ग्रिल सँडविच. गाडीवर उभं राहून एकदा नीट बघा. ब्रेडच्या दोन्ही स्लाइसना आतून बटर, मग चटणी, बटाटा, काकडी, मग क्यूब किसला, मग बंद करून बाहेरून परत बटर, ग्रिलमधून काढल्यावर परत एक हात. २० ग्रॅम बटर सहज जातं, आणि बटरमध्ये ८० टक्के फॅट, म्हणजे १६ ग्रॅम. चीजच्या क्यूबचं साडेसहाच! आपण मात्र "चीज नको" म्हणतो आणि बटर तसंच खातो. उलटं सांगा. "दादा, बटर अजिबात नको, आत चटणी जास्त, चीज अर्धा क्यूब." आमच्या नाशिकच्या कॉलनीबाहेरचे दादा आधी दोनदा विचारायचे, आता मला बघितलं की स्वतःच बटरचा चमचा बाजूला ठेवतात. पावभाजीतही तेच, चीज पावभाजी घ्यायची तर पाव कोरडे भाजून. डोसा असेल तर बटर चीज म्हणायचं नाही, नुसतं चीज, आणि दोघांत एक.

हॉटेलातलं पनीर बटर मसाला, मलाई कोफ्ता, चीज बर्स्ट पिझ्झा हे या हिशोबात बसत नाही, मी उगाच बसवायचा प्रयत्नही करत नाही, वाढदिवसाला खाल्लं तर खाल्लं. पिझ्झा खायचा तर पातळ बेसचा, भाज्या भरपूर, "एक्स्ट्रा चीज"ला नाही, दोन तुकडे आणि सोबत मोठी वाटी सॅलड. आणि चीज या नावाने येणाऱ्या गोष्टी ओळखा. चीज बॉल तळलेले असतात, चीज डिप आणि "चीजी मेयो" बहुतांशी तेल असतं, चीज पॉपकॉर्नमध्ये चीजच्या चवीची भुकटी असते. यांच्यात बजेट घालवण्यापेक्षा खऱ्या चीजचा तुकडा खा.

मिठाचं विसरू नका. प्रोसेस्ड चीजच्या एका क्यूबमध्ये ३५० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि दिवसाची मर्यादा २००० मिलीग्रॅम. ब्लड प्रेशरवाल्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं ऐकू नका, हे अगदी कळकळीने सांगते. चीजच्या दिवशी पापड, लोणचं आणि फरसाण मी ठेवतच नाही ताटाजवळ. आणि घरातल्या लहान मुलांना हे लो फॅट लागू करू नका, त्यांना वाढीसाठी फॅट लागतं, मुलीच्या डब्यात मी पूर्ण क्यूबच देते.

परदेशात असाल तर तुमची मजाच आहे. माझी नणंद जर्मनीत स्टुटगार्टला असते, तिथे मागरक्वार्क नावाचा प्रकार मिळतो, आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ, फॅट अर्ध्या टक्क्याहूनही कमी आणि १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रोटीन. तिथले मराठी लोक त्याचं श्रीखंड करतातच, पण वर सांगितलेला लसणीचा स्प्रेडही त्याचा उत्तम होतो. तिथलंच हार्त्सर नावाचं चीज एक टक्क्याहून कमी फॅटचं असतं, वास मात्र इतका उग्र की ती डब्यात डबा घालून ठेवते. अमेरिकेत लो फॅट कॉटेज चीज मिळतं, १०० ग्रॅमला ७०-७५ कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, ते पोटाच्या वाट्यात जातं. इथे हॉटेलच्या मेन्यूवर पनीरलाच कॉटेज चीज लिहितात, तेव्हा गोंधळू नका, दोन्ही वेगळी आहेत आणि फॅटमध्ये तर फारच वेगळी.

माझा एक साधा चीजचा दिवस असा असतो. सकाळी चहा आणि चक्क्याचा स्प्रेड लावलेले दोन ब्राऊन ब्रेड टोस्ट, बटर नाही. दुपारी दोन पोळ्या तूप न लावता, एक चमचा तेलाची पालेभाजी, वरण, काकडीची कोशिंबीर दह्यातली, कूट नाही. चार वाजता फळ आणि मूठभर फुटाणे. रात्री चीज घातलेलं एक थालीपीठ आणि भाज्यांचं सूप, त्यावर ५ ग्रॅम पार्मेजान. पोट भरतं, आणि दिवसभर काहीतरी हुकलंय असं वाटत नाही. ज्या दिवशी उपासाची साबुदाणा खिचडी असते, तुपातली आणि कूट घातलेली, त्या दिवशी चीज नाही, कारण फॅटचं खातं खिचडीनेच भरलेलं असतं. आठवड्यात असे चीजचे दिवस चार ठेवते, जास्त नाही.

आपलं वजन दोन-तीन आठवडे एकाच जागी अडकलं तर आधी चीज बंद करू नका. आधी तेलाची बरणी बघा, चमच्याचा पळा परत कधी झाला ते बघा, कूट आणि चहासोबतची बिस्किटं बघा, मग चीज परत काट्यावर मोजा. माझं दोनदा अडकलं आणि दोन्ही वेळा चीजचं वजन हळूहळू १२ चं २० झालेलं होतं, कारण मी काटा कपाटात ठेवून दिला होता.

म्हणून आता रविवारी सकाळी एकदाच बसते. पाच क्यूब घेते, प्रत्येकाचे दोन भाग, काट्यावर साडेबाराच्या जवळ आलं की बटर पेपरच्या पुड्या बांधून डब्यात आणि डबा फ्रीझरमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, मागे. दहा पुड्या, त्यातल्या आठ माझ्या आणि दोन पाहुण्यांच्या किंवा बाहेर खाल्लं तर वजा करायच्या. शुक्रवारी संपल्या तर शनिवारी चीज नाही, पुढच्या रविवारी परत.